गळाला बांधलेले केस

मासे गरवणाऱ्याला आज नकली आमिषाची, म्हणजे ल्यूरची, वाण नाही. रबरी बेडूक, प्लास्टिकचे रंगीत मासे, चकाकते चमचे, धातूच्या जिग, सगळे घरपोच मिळते. तरीही अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, जपानमध्ये आणि अलीकडे थोडेफार आपल्याकडेही काही माणसे संध्याकाळी टेबलाला गळ पकडणारा छोटा व्हाइस लावून बसतात आणि हरणाच्या शेपटीचे, बोकडाचे, सशाचे केस दोऱ्याने गळावर आवळत राहतात. पैसे वाचतात म्हणून, असे ते घरी सांगतात. ते फारसे खरे धरू नये. व्हाइस, दोरा, चांगली कात्री आणि रंग यांचा खर्च भरून निघेपर्यंत बाजारातले बरेच ल्यूर येऊन जातात.

केस खरोखर काम करतो का, कोणत्या प्राण्याचा जास्त करतो आणि तो आणायचा कुठून, असे तीन प्रश्न आहेत. या छंदावरचे लेखन पहिल्या दोन प्रश्नांत रमते. मला वाटते, खरा निकाल तिसऱ्यावर लागतो, आणि आपल्या देशात तर नक्कीच.

आधी केसाकडे पाहू. बाहेर सूक्ष्म खवल्यांचे आवरण, आत केराटिनचा भरीव थर आणि मधोमध गाभा, अशी त्याची रचना असते. ल्यूर पाण्यात कसा वागेल हे प्राण्याच्या नावापेक्षा या थरांच्या प्रमाणावर ठरते. हरणाच्या अंगावरच्या केसात गाभाच जास्त असतो, आणि त्याच्या पेशींत हवा भरलेली असते. थंडीत ऊब टिकवण्याची ती सोय, पण पाण्यात तीच हवा केसाला तरंगवते. अशा केसावर दोरा आवळला की तो तिथे दाबला जातो आणि दोन्ही बाजूंनी ताठ उभा राहतो. एकामागून एक झुपके गळाच्या दांडीवर असे फुलवत, मागे रेटत नेले आणि वरून छाटले की दाढीच्या ब्रशासारखा दाट गोळा तयार होतो. त्यातून बेडूक काढा, उंदीर काढा, माशाचे डोके काढा.

शेपटीचा केस निराळा. तो लांब असतो, टोकाकडे भरीव आणि मुळाकडे थोडा पोकळ. आवळला तरी तो फार फुलत नाही, मागे वाहत राहतो. केराटिन पाण्यापेक्षा जड असल्याने भरीव केस भिजला की बुडतो. म्हणजे तरंगणारे आमिष हवे तर अंगावरचा केस, बुडणारे हवे तर शेपटीचा. नवशिके इथेच फसतात. अंगावरचे केस जिगला, म्हणजे डोक्याला वजन असलेल्या गळाला, बांधून ती खाली का जात नाही म्हणून डोके खाजवत बसतात.

केसाची खरी ताकद मात्र त्याच्या टोकात आहे. प्राण्याच्या अंगावर वाढलेला केस टोकाकडे निमुळता होत जातो, तर कातरलेल्या कृत्रिम धाग्याची जाडी बहुधा सगळीकडे सारखी असते. त्यामुळे दोरी ओढणे थांबवले, ल्यूर जागीच राहिला, तरी पाण्याच्या किंचित हालचालीने केसाची टोके हलत राहतात. अमेरिकेत थंड पाण्यात बास मासे गरवणारे हिवाळ्यात केसांच्या जिग बाहेर काढतात ते यासाठीच. गारठ्याने सुस्तावलेला मासा पळत्या ल्यूरचा पाठलाग करत नाही. हळूहळू खाली उतरणाऱ्या झुपक्यावर मात्र तोंड टाकतो.

हा शोध कुणी लावला ते सांगता येणार नाही, पण पहिली लेखी नोंद बरीच जुनी आहे. सन २०० च्या सुमारास रोमन लेखक एलियन याने मॅसेडोनियातल्या अ‍ॅस्ट्रेयस नदीवरच्या मासेमारीची हकिगत लिहिली. तिथले लोक गळाभोवती लाल लोकर गुंडाळत आणि तिला कोंबड्याची दोन मेणचट रंगाची पिसे जोडत. नदीवर घोंघावणाऱ्या एका माशीचा हा बनाव होता. यातले साहित्य पाहा: मेंढीची लोकर आणि कोंबड्याचे पीस. दोन्ही अंगणातली. १४९६ साली इंग्लंडमध्ये छापलेल्या, डेम जुलियाना बर्नर्सच्या नावावर असलेल्या गळविषयक प्रबंधात १२ कृत्रिम माश्यांच्या कृती आहेत. त्यांची शरीरेही मुख्यतः लोकरीचीच. आयझॅक वॉल्टनच्या मासेमारीवरच्या ग्रंथाला १६७६ मध्ये चार्ल्स कॉटनने दुसरा भाग जोडला. त्यात अस्वल आणि उंट येतात खरे, पण काळ्या स्पॅनियल कुत्र्याचे केस आणि डुकराची लव हेही येतात. थोडक्यात, जे हाताशी होते ते बांधले गेले.

पुढे व्हिक्टोरियन काळात ही साधी हौस बिघडली. सामन मासा सजलेल्या माशीवर जास्त भाळतो, या श्रद्धेने साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातून पिसे आणि केस इंग्लंडला जाऊ लागले. जॉर्ज केल्सनने १८९५ च्या ‘द सामन फ्लाय’मध्ये अशा माश्यांची शेकडो वर्णने दिली आहेत. या प्रकरणाचा एक धागा थेट सह्याद्रीत येतो. जॉक स्कॉटसारख्या प्रसिद्ध सामन माशीच्या बाजूंवर जे मिन्यासारखे चमकदार पिवळट ठिपके दिसतात, ते राखी रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांचे. हा पक्षी पश्चिम घाटात आणि दक्षिण भारतात राहतो, पण त्याची मान स्कॉटलंडच्या नद्यांवरच्या श्रीमंतांच्या डबीत जाऊन बसली. भारत सरकारने १९०२ मध्ये पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली, तरी मागणी संपली नाही. आज ही पिसे युरोपात पाळलेल्या पक्ष्यांकडून मिळवली जातात. या वेडाचे टोक पाहायचे असेल तर २००९ सालची घटना आठवावी. एका तरुण अमेरिकन बासरीवादकाने इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरली. त्यांतली पिसे जुन्या पद्धतीच्या सामन माश्या बांधणाऱ्यांना विकली गेली. गंमत म्हणजे या बांधणाऱ्यांपैकी अनेकजण आयुष्यात कधी सामन गरवायला जात नाहीत. माशी काचेत लावतात.

केसांच्या बाबतीतही असेच झाले. ध्रुवीय अस्वलाचा अर्धपारदर्शक चमकदार केस आणि सीलची ताठ, लकाकणारी लव यांची थोरवी अजून जुन्या जाणकारांच्या तोंडी असते. १९७२ मध्ये अमेरिकेत सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा आला आणि तिथे हा व्यापार आटला. २००९ मध्ये युरोपीय संघाने सीलच्या उत्पादनांना दार बंद केले. मग पर्यायी धागे आले, आणि मासे पूर्वीसारखेच लागत राहिले. दुर्मीळ प्राण्याच्या केसात काही विशेष गुण असतो, या समजुतीला याहून मोठे उत्तर नको.

दरम्यान अमेरिकेत एक वेगळीच परंपरा वाढत होती, आणि माझ्या मते या विषयाचा खरा गाभा तीच आहे. निसर्गअभ्यासक विल्यम बार्ट्रम १७७० च्या दशकात फ्लोरिडात हिंडला. त्याचे प्रवासवर्णन १७९१ मध्ये छापले गेले. त्यात तो तिथल्या एका आमिषाचे वर्णन करतो: तीन मोठे गळ पाठीला पाठ लावून बांधायचे, त्यांवर हरणाच्या शेपटीचे पांढरे केस, लाल कापडाच्या चिंध्या आणि रंगीबेरंगी पिसे लावून गळ झाकले जातील असा मुठीएवढा गोंडा करायचा. लांब काठीला आखूड दोरी, आणि होडीच्या टोकाला बसून हा गोंडा पाण्याच्या अगदी वरून, मधूनच पाण्याला टेकवत फिरवायचा. लव्हाळ्यातून मोठा मासा उसळी मारून येतो. अडीचशे वर्षे होत आली. आजच्या बकटेल, म्हणजे हरणाच्या शेपटीच्या केसांच्या, जिगमध्ये याहून मूलभूत फरक एवढाच आहे की डोक्याला वजन आले.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. १९२० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात ऑर्ली टटल याने हरणाच्या केसांचा तरंगता किडा बांधून विकायला सुरुवात केली. ली वुल्फ याने पिसांच्या नाजूक पंखांऐवजी केसांचे दणकट पंख लावून खळाळत्या पाण्यातही तरंगणाऱ्या माश्या केल्या. १९३० च्या दशकात डॉन गेपन याने कॅनडातल्या निपिगॉन नदीवर मडलर मिनो बांधला. छाटलेल्या हरणकेसांचे मोठे डोके असलेला हा ल्यूर तळाशी राहणाऱ्या एका छोट्या माशाची नक्कल आहे. १९५७ मध्ये अ‍ॅल ट्रॉथने एल्क हरणाच्या केसांचे छप्पर असलेली कॅडिस माशी केली. ती बांधायला सोपी आहे आणि आजही बहुतेक ट्राउट मासे गरवणाऱ्यांच्या डबीत सापडते. १९८० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीवर बॉब क्लाउझर याने गळाच्या दांडीवर वरच्या बाजूला धातूचे जड डोळे बांधले, त्यामुळे गळ उलटा होऊन टोक वर राहते आणि तळाला अडकत नाही. केस मात्र थोडेसेच, दोन रंगांचे, हरणाच्या शेपटीचे. गोड्या आणि खाऱ्या पाण्यात इतक्या जातींच्या माशांवर चाललेला दुसरा केसांचा ल्यूर दाखवणे कठीण आहे.

या सगळ्यांच्या मागे एक साधी व्यवस्था आहे. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणे मुबलक आहेत, परवान्याने दरवर्षी लाखो हरणांची शिकार होते, मांस खाल्ले जाते आणि शेपटी उरते. विस्कॉन्सिनमधल्या अँटिगो गावातली मेप्स फिरक्यांची, म्हणजे फिरत्या पात्याच्या ल्यूरची, कंपनी शिकाऱ्यांकडून खारींच्या शेपट्या विकत घेते आणि केवळ शेपटीसाठी खार मारू नका, असे स्वतःच बजावते. केस हा तिथे उरलेला माल आहे. या छंदाचे नैतिक वजन त्यावर पेलले जाते.

आता आपल्याकडे येऊ. भारतात ही व्यवस्था नाही, आणि नसलेलीच बरी. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा प्राण्याइतकाच त्याच्या अवयवांना लागू होतो, आणि केस त्यात येतात. सांबर किंवा चितळाचा केस जंगलात पडलेला मिळाला म्हणून तो तुमचा होत नाही. रानसशाचे कान, ज्यांच्यावर ब्रिटिश माशीबांधणीची निम्मी इमारत उभी आहे, ते आपल्याकडे वर्ज्य. मुंगसाचा केस सगळ्यांत मोहात पाडणारा, कारण तो पट्टेदार, ताठ आणि टोकदार असतो. चित्रकारांच्या ब्रशांसाठी मुंगसांची केवढी कत्तल होते ते २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ हाती घेतल्यावर देशभर दिसले. असा ब्रश घरात पडलेला असेल तर तो मोडून गळाला बांधायची कल्पनाही नको. मोराच्या गळून पडलेल्या पिसाऱ्याला देशांतर्गत सूट आहे, निर्यातीला नाही. परदेशातून केस मागवणाऱ्याने प्राणिज मालाच्या आयातीचे नियम आधी पाहावेत आणि बिल जपून ठेवावे. रंगवलेल्या शेपटीकडे बोट दाखवून हे अमेरिकेतले हरीण आहे, असे नुसते सांगून भागत नाही.

मग उरते काय? भरपूर उरते. बोकडाचा केस पहिला. जमुनापारी शेळ्यांच्या मागच्या मांड्यांवर लांब केसांचे झुपके असतात, ते जिगला छान. उस्मानाबादीचा काळा केस आखूड, लहान ल्यूरपुरता. घोड्याच्या शेपटीचा केस लांब आणि ताठ असतो, एकेकाळी युरोपात त्याच्याच दोऱ्या वळून मासे गरवत, पण ल्यूरच्या शेपटीला तो फारच कडक पडतो. दख्खनी मेंढीची भरड लोकर, जिची घोंगडी होते, ती दोऱ्यावर पिळून किड्याचे शरीर बांधायला उत्तम. पाळीव सशाची लव मऊ, पाण्यात सुंदर हलते, पण भिजली की जड होते आणि फेकताना ओढते. आणि विंचरलेल्या कुत्र्याचे केस विसरू नका. चार्ल्स कॉटनला ते चालत होते.

हे केस घ्यायचे ते ओळखीच्या खाटिकाकडून किंवा पाळणाऱ्याकडून. माळावर मरून पडलेल्या जनावराचे कधीही नाही. काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, बीज केसांवर वर्षानुवर्षे टिकते आणि साध्या धुण्याने जात नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या दाढीच्या ब्रशांमुळे ब्रिटन आणि अमेरिकेत माणसे दगावली होती.

कातड्यासकट केस मिळाला तर आतली चरबी खरवडून मीठ किंवा टाकणखार चोळून सावलीत खडखडीत वाळवावे. नुसता कातरलेला केस असेल तर काम हलके. भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात दोन-तीनदा धुवायचा, कारण तेलकट केसाला ना रंग धरतो ना डिंक. रंगासाठी लोकर-रेशमाचे अ‍ॅसिड रंग घ्यावेत, सुती कापडाचे नव्हे. पाण्यात थोडे व्हिनेगर, पाणी चांगले गरम पण उकळते नाही, नाहीतर केस कुरळा होऊन कामातून जातो. मनासारखा रंग चढल्यावर त्याच पाण्यात थंड होऊ द्यावा. सुकल्यावर कसर लागू नये म्हणून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावा. फ्रीझरमध्ये काही दिवस ठेवला तर आणखी चांगले, फक्त बरणीवर चिठ्ठी लावा. घरात इतर माणसेही राहतात.

बांधताना पहिली गोष्ट, आतली लव विंचरून काढायची. ती राहिली की दोरा घसरतो आणि ल्यूर फुगतो. काडेपेटीच्या काडीएवढा जाड झुपका घ्यावा. टोके ठोकून एका रेषेत आणू नयेत. मागेपुढे असलेली टोकेच माशाच्या शेपटीसारखा निमुळता आकार देतात. जिगच्या मानेवर आधी दोऱ्याचे वेढे, मग झुपका ठेवून दोन सैल वेढे आणि त्यानंतर आवळून सात-आठ. मुळे तिरकी छाटून त्यावर फेव्हीक्विकचा थेंब. असे सहा-आठ झुपके गोल फिरवत लावले की जिग झाली. शेवटी गाठ, आणि तिच्यावर पारदर्शक नेलपॉलिश किंवा अराल्डाइट. केसांची लांबी गळाच्या दुपटीच्या आसपास ठेवावी, त्याहून लांब झाले की गळाच्या वळणात अडकतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे केस कमी. व्हाइसवर असताना उघडावाघडा वाटणारा ल्यूर पाण्यात नेमका दिसतो. भरगच्च बांधलेला हवेत शोभतो, पाण्यात ठोकळा होतो.

जिगच्या डोक्याचे शिसे ही या छंदातली खरी घाण. नैसर्गिक केस बांधून निसर्गप्रेम मिरवायचे आणि तुटलेल्या दोरीबरोबर शिसे तळ्यात सोडायचे, याला अर्थ नाही. पक्षी शिशाचे वजन गिळून मरतात म्हणून इंग्लंड आणि वेल्समध्ये छोट्या शिशाच्या वजनांवर १९८७ पासून बंदी आहे. टंगस्टन महाग, पण कथील परवडते आणि कमी तापमानाला वितळते. शिसे ओतायचेच असेल तर उघड्यावर, मुलांपासून दूर, आणि स्वयंपाकघरातले भांडे चुकूनही न घेता.

आपल्या पाण्यात केस किती चालतो, याबद्दल जरा स्पष्ट बोलायला हवे. थंड पाण्यातला त्याचा मोठा फायदा इथे उरत नाही, कारण आपले मासे बहुतेक वर्षभर चपळ असतात. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात केसाची जिग जवळजवळ निरुपयोगी, कारण ती पाण्यात कंपने फारशी पाठवत नाही. तिथे फिरत्या पात्याची फिरकीच घ्यावी, हवे तर तिच्या मागच्या गळाला केसांचा झुपका लावावा. दाताळ माशांपुढे मात्र केस रबराला हरवतो: सुरमई एका चाव्यात रबरी शेपटी कापून नेते, केसांच्या जिगचे चार केस जातात. खाडीच्या तोंडाशी जिताडा आणि तांबोशी यांच्यासाठी पांढरी, बोटभर लांबीची, भरीव केसांची जिग मला कोणत्याही प्लास्टिकइतकीच भरवशाची वाटते. तलावातल्या मरळीसाठी तरंगता बेडूक लागतो. तो पोकळ हरणकेसाशिवाय नीट होत नाही, आणि बोकडाचा केस तिथे तोकडा पडतो. मरळीसाठी सरळ रबरी बेडूक घ्यावा, यात कमीपणा नाही.

महसीरचा मोह प्रत्येकाला होतो. दख्खनी महसीरचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सने १८३९ मध्ये केले, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. आज त्या नद्यांत तो शोधणे व्यर्थ आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवरने अनेक दशके त्याचे कृत्रिम प्रजनन करून लाखो पिले जलाशयांत सोडली आहेत. महाडजवळच्या वाळणकोंडीत आणि वाडा तालुक्यातल्या तिळसे येथे वैतरणेत देवाचे मासे म्हणून तो सुरक्षित राहिला. तिथे गळ काढण्याचा प्रश्नच येत नाही. इतरत्र लागला तर काटा सुटेपर्यंत पाण्यातच ठेवून सोडून द्यावा, आणि त्यासाठी गळाचे आडदात घरीच पक्कडीने दाबून यावे.

कोणत्याही धरणावर किंवा तलावावर जाण्यापूर्वी तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेची परवानगी घ्या, कारण तिथल्या मासेमारीचा ठेका बहुधा तिच्याकडे असतो. आणि पहिली जिग बांधायची तर पांढऱ्या बोकडाचा धुतलेला केस, लाल दोरा आणि कथलाचे डोके एवढ्यावर बांधा. बाकीचे साहित्य गरज पडेल तसे आणता येते.